थळ किनाऱ्यावरील गोड्या पाण्यातील परके मासे

कुलाबा जिल्ह्याच्या (१९८१ पासून रायगड) किनाऱ्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणेच समुद्राकडे लागते. अलिबागच्या उत्तरेस असलेले थळ हे गाव तर इतिहासात आले तेच मुळी समोरच्या बेटांमुळे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर तटबंदीचे काम आरंभिले आणि इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटाला वेढा घातला, तेव्हा बेटावरची रसद थळच्या किनाऱ्यावरूनच जात होती. पुढल्याच वर्षाच्या प्रारंभी सिद्दीने शेजारची उंदेरी बळकाविली. त्यानंतर शतकभर हा किनारा आरमारांच्या हालचालींचा साक्षी राहिला. अलीकडच्या पिढीला थळ परिचित आहे ते थळ-वायशेतच्या खत-कारखान्यामुळे. एका बाजूस किल्ले व गलबते, दुसऱ्या बाजूस कारखाना, ह्यांच्या मध्ये गावाच्या पाठीमागची तळी, बावी, ओढे व भातखाचरे इतिहासलेखनातून निसटून गेली. ह्या पाण्यात जे मासे होते व आहेत, त्यांपैकी कित्येक विसाव्या शतकात फार दूरवरून येथे आले. ते कसे आले, कोणी आणले, आणि त्यांच्या येण्याने मासे धरणाऱ्या माणसाच्या हक्कात काय फरक पडला, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

साधनांविषयी आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. एखादा परका मासा पाण्यात सोडला गेला की त्याची नोंद बहुधा कोठे तरी होते. कारण तो सोडणारा सरकारी खात्याचा माणूस असतो आणि त्याला अहवाल लिहावयाचा असतो. परंतु तो मासा त्या तळ्यातून निघून दुसऱ्या तळ्यात केव्हा गेला, हे कोणत्याही दप्तरात सापडत नाही. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटियरच्या कुलाबा-जंजिरा खंडात मासेमारीचे वर्णन आहे, ते मुख्यत: समुद्र व खाड्यांचे. तळ्यातला मासा महसुलाच्या दृष्टीने किरकोळ होता, म्हणून तो कागदावरही किरकोळच राहिला. १९३० च्या सुमारास थळशेजारच्या किहीम येथे सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा जो सूक्ष्म अभ्यास केला, तो पक्षिशास्त्रात प्रसिद्ध आहे. त्याच परिसरातील तळ्यांच्या माशांना तसा निरीक्षक लाभला नाही. अशा स्थितीत कायदे, खात्यांची धोरणे, माशांच्या जीवनक्रमाविषयीचे शास्त्रीय ज्ञान आणि माशांची बोलीतील नावे ह्या चार साधनांवर विसंबून राहावे लागते. ह्यांतील चौथे साधन वाटते त्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

प्रथम भूमीचे स्वरूप पाहू. थळ, किहीम, वरसोली, आक्षी, नागाव अशी जी गावांची माळ समुद्रालगत आहे, तिची जमीन वाळूमिश्रित असून तीवर नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. ह्या वाड्या विहिरींच्या पाण्यावर वाढल्या. एके काळी रहाटाचा आवाज हाच ह्या गावांचा आवाज होता. वाड्यांच्या मागे भाताची जमीन, तिच्यामागे कनकेश्वर व सागरगडाचे डोंगर, आणि त्या डोंगरांच्या पलीकडे, पूर्वेस, धरमतरच्या खाडीकाठी शहापूर-धेरंड-पोयनाड भागाचा खारपट्टा आहे. बांध घालून खाडीच्या भरतीपासून सोडविलेली ही जमीन. तिच्यात पावसाळ्यात भात पिकते आणि घरोघरच्या तळ्यांत पाणी साठते. म्हणजे अवघ्या काही कोसांच्या आत विहिरीचे गोडे पाणी, ओढ्याचे वाहते पाणी, तळ्याचे साचलेले पाणी आणि खारपट्ट्यातील निमखारे पाणी असे चार प्रकार एकत्र नांदतात. परक्या माशांच्या इतिहासात ह्या चौथ्या प्रकाराला फार महत्त्व आहे, ते पुढे दिसून येईल.

ह्या पाण्यातील मूळचे मासे व ते धरण्याच्या पद्धती ह्यांचा पावसाळ्याशी जवळचा संबंध आहे. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की तळी व ओढे ह्यांतील अंडी भरलेले मासे उलट्या प्रवाहाने खाचरांकडे चढू लागतात. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ह्याला वलगण म्हणतात. दक्षिण कोकणात चढणीचे मासे हा शब्द रूढ आहे. मळ्ये, खवल, शिंगटी, चिवणी असे अनेक जातींचे मासे ह्या काही दिवसांत हाती लागतात. रात्री बत्ती घेऊन आगरी, कातकरी, ठाकूर मंडळी, पोरेसोरे सर्वच बांधावर जमतात. कोणी पाग टाकतो, कोणी बांबूचा सापळा पाण्याच्या तोंडाशी बसवितो, कोणी नुसत्या हातांनी धरतो. हा मासा कोणाचा, हा प्रश्न त्या रात्री कोणी विचारीत नाही. अंडी घालण्यास निघालेला मासा धरणे हे त्या जातीच्या वाढीस बाधक आहे, ही टीका मत्स्यशास्त्रज्ञांनी वारंवार केली आहे आणि ती खोटी नाही. जुन्या रीती निर्दोष होत्या असे समजण्याचे कारण नाही. परंतु वलगण ही सर्वांची होती, एवढे मात्र खरे.

उन्हाळ्यात पाणी आटले की डोहातल्या माशांची पाळी येई. येथे कातकऱ्यांचे कसब विशेष. गेळफळ कुटून पाण्यात टाकावयाचे, मासे गुंगून वर आले की वेचावयाचे, ही पद्धत सह्याद्रीच्या पायथ्याशी सर्वत्र होती. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने स्फोटक द्रव्ये व विष वापरून मासे मारण्यास शिक्षा ठेविली. सुरुंगाची दारू आणि गेळफळ एकाच कायद्याच्या दोन लगतच्या कलमांत बसली. ह्या कायद्याचे मौन मात्र त्याच्या शब्दांहून अधिक बोलके आहे. मासे कसे मारू नयेत हे त्याने सांगितले. पाण्यात कोणता मासा आणून सोडू नये, ह्याविषयी तो काही बोलत नाही. त्या काळी परका मासा ही लाभाची वस्तू समजली जाई. नीलगिरीच्या थंड ओढ्यांत ट्राउट आणण्याची साहेबांची हौस आणि जावा-मॉरिशसकडचा गोरामी कलकत्ता व मद्रासकडे वाढविण्याचे एकोणिसाव्या शतकातील प्रयत्न ही त्याच वृत्तीची उदाहरणे होत.

परक्या माशांकडे वळण्यापूर्वी जिताड्याचा विचार करणे प्राप्त आहे. कारण तळ्यात मासा सोडण्याची कल्पना ह्या भागात सरकारी खात्यांनी आणली, असे मानले तर ती चूक ठरेल. जिताडा हा खाडीचा मासा. त्याची वीण खाऱ्या पाण्यात होते, परंतु पिल्ले गोड्या पाण्यातही उत्तम वाढतात. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यातील शेतकरी पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी मिळणारी ही पिल्ले धरून घराजवळच्या तळ्यात सोडतात. दुसरे लहान मासे खाऊन ती पोसतात व काही वर्षांनी पाहुण्यारावळ्यांच्या पानात किंवा बाजारात जातात. ह्या भागात जिताड्याचा जो मान आहे तो पापलेटालाही नाही, असे म्हणण्यास हरकत नाही. इतिहासाच्या दृष्टीने ह्यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. तळ्यातला जिताडा हा त्या तळ्याचा मूळ रहिवासी नव्हे, तो माणसाने आणलेला आहे; तरीही त्याला परका कोणी म्हणत नाही. दुसरी गोष्ट अशी, की तो तळ्यात वीत नाही. दर वर्षी पिल्ले सोडली तरच पुढे मासा मिळणार. म्हणजे त्याच्यावरील सत्ता माणसाच्या हाती राहते. ही दुसरी गोष्टच पुढील सर्व विवेचनाची किल्ली आहे.

बाहेर देशीचा मासा ह्या प्रदेशात आला तो खाण्यासाठी नव्हे, हिवतापावरील उपाय म्हणून. डास हिवतापाचा वाहक असल्याचे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये दाखवून दिल्यानंतर मुंबई शहरात बेंटली यांनी जी चौकशी केली, तिचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातील हिवतापाचे मूळ त्यांनी विहिरींत दाखविले. विहिरी बुजवाव्यात किंवा झाकाव्यात, असा नगरपालिकेचा आग्रह सुरू झाला. आणि विहिरीच्या उघड्या पाण्यास धर्मकृत्यांत स्थान असल्यामुळे पारशी, हिंदू व जैन समाजांतून त्यास विरोध झाला. अशा वेळी डासांच्या अळ्या खाणारे मासे विहिरीत सोडावेत, हा मधला मार्ग सर्वांनाच सोयीचा होता. ह्या कामी योग्य असे देशी मासे नव्हते असे नाही. कपाळावर चंदेरी ठिपका असलेला अप्लोकायलस वंशाचा लहानसा मासा कोकणातील डबक्यांत सहज मिळे. तथापि भर पडत गेली ती परदेशी माशांवर. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याकडचा गप्पी १९०८ च्या सुमारास भारतात आला आणि गंबुशिया १९२८ मध्ये इटलीमार्गे बंगळूरला आणला गेला. दोन्ही जाती अंडी न घालता जिवंत पिल्ले देतात. त्यामुळे त्यांना वाहत्या पाण्याची किंवा पावसाची अपेक्षा नसते; हौद, विहीर, गटार, कोठेही त्यांची संख्या वाढते.

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व डी.डी.टी.च्या फवाऱ्यापुढे माशांचे महत्त्व काही काळ मागे पडले. सत्तरीच्या दशकात हिवताप पुन्हा उसळला आणि डास कीटकनाशकांना दाद देईनासे झाले, तेव्हा गप्पी परत आला. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात १९८३ पासून झालेल्या प्रयोगांत त्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करण्यात आला. महाराष्ट्रात ‘गप्पी मासे सोडा’ हे वाक्य आरोग्य केंद्रांच्या भिंतींवरून खेड्यापाड्यांत पोहोचले. वाड्या-विहिरींच्या ह्या किनाऱ्यास तो उपाय सहज मानवण्यासारखा होता. गप्पीला धरण्यात कोणाला रस नव्हता. तो इतका लहान की पागाच्या फाशातून निसटून जावा. त्याच्यामुळे कोणाच्या हक्कास बाध आला नाही, म्हणूनच त्याच्या आगमनाविषयी कोणी तक्रारही केली नाही. देशी लहान माशांच्या अंड्यांना व पिल्लांना अशा माशांपासून उपद्रव होतो, ही जाणीव शास्त्रज्ञांमध्येही उशिरा आली.

खाण्याच्या माशाची गोष्ट निराळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली आणि धान्याबरोबर तळ्यांकडेही सरकारचे लक्ष गेले. कटला, रोहू व मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. बंगालमधील नद्यांत पावसाळ्यात त्यांची पिल्ले गोळा करावयाची आणि हावड्याहून रेल्वेने देशभर पाठवावयाची, असा मोठा व्यापार तेव्हा होता. मुंबई इलाख्याच्या तलावांत हे मासे आले ते अशाच मार्गाने. येथे एक मुद्दा स्पष्ट करणे अवश्य आहे. शासकीय परिभाषेत ह्या तीन माशांना भारतीय प्रमुख कार्प म्हणतात आणि विदेशी माशांच्या यादीत त्यांची गणना होत नाही. देशाच्या सीमा हे प्रमाण मानले तर ते योग्यच आहे. परंतु माशाला देशाची सीमा ठाऊक नसते, त्याला खोरे ठाऊक असते. सह्याद्रीच्या पश्चिमेस उगम पावून तीस-चाळीस मैलांत समुद्रास मिळणाऱ्या कोकणच्या नद्यांना कटला हा आफ्रिकेतील माशाइतकाच नवा होता. परकेपणाची गणना राष्ट्रावरून करावयाची की जलप्रवाहावरून, ह्याचा निर्णय न करताच आपल्याकडील बहुतेक याद्या तयार झालेल्या आहेत.

कटला-रोहू तळ्याच्या स्थिर पाण्यात वीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी पोषग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन कार्प जातीच्या माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून बंगालच्या नद्यांवरील अवलंबन हळूहळू संपले. बीज सरकारी केंद्रांत तयार होऊ लागले. तथापि गावच्या तळ्याच्या दृष्टीने स्थिती तीच राहिली. बीज विकत आणले पाहिजे, आणि ज्याने पैसे दिले त्याचा मासा. खरा सामाजिक बदल येथे झाला. तळे ठेक्याने जाऊ लागले. कोठे ग्रामपंचायतीने लिलाव केला, कोठे मत्स्यव्यवसाय खात्याने सहकारी संस्थेस तलाव दिला. उत्पन्न वाढले, संस्थांना स्थैर्य आले, पंचायतीच्या तिजोरीत चार पैसे पडले. हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु कालपर्यंत ज्या पाण्यात पोराने गळ टाकला तर तो खेळ होता, त्याच पाण्यात तो आता चोरीचा गुन्हा झाला. मासा बदलला म्हणून धरणाऱ्याचा दर्जा बदलला. मुंबईच्या पवई तलावावर संस्थेचे सभासद होऊन हौशी मंडळी कटल्यासाठी गळ टाकून बसत. तेथे गळ ही प्रतिष्ठित करमणूक होती. कातकऱ्याच्या गळाला अशी संस्था नव्हती.

आता ह्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त माशाकडे वळावयाचे. तिलापिया, म्हणजे महाराष्ट्रातील मच्छीमारांची चिलापी, ही पूर्व आफ्रिकेतील मोझांबिकच्या बाजूची. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर अनपेक्षितपणे आढळली. तेथे ती कशी पोहोचली हे गूढच आहे. ज्या गावकऱ्याने ती प्रथम पाळली त्याच्या नावावरून इंडोनेशियात तिला आजही मुजाइर म्हणतात. युद्धकाळात जपानी सैन्याबरोबर ती आग्नेय आशियात पसरली आणि युद्धानंतर अन्नटंचाईवरील रामबाण उपाय म्हणून तिची कीर्ती झाली. १९५२ मध्ये ती भारतात, मंडपम येथील संशोधन केंद्रात, आणली गेली. तिचे गुण खरोखर आश्चर्यकारक आहेत. मादी अंडी तोंडात धरून उबविते, त्यामुळे शत्रूपासून त्यांचे रक्षण होते. दोन-तीन महिन्यांतच ती विण्यायोग्य होते. उष्ण हवेत वर्षातून अनेकदा विते. शेवाळापासून कणकेच्या गोळ्यापर्यंत काहीही खाते. आणि गोड्या पाण्याप्रमाणेच खाऱ्या पाण्यातही जगते. ज्यांनी तिला आणले त्यांनी हे गुण गुण म्हणूनच पाहिले. परंतु काही वर्षांतच तळी लहान लहान चिलापींनी भरून गेल्याचे दिसू लागले. संख्या प्रचंड, पण प्रत्येक मासा बोटभर. आणि कटला-रोहूचे अन्न फस्त. १९५९ मध्ये भारतीय मत्स्य संशोधन समितीने तिच्या प्रसारास बंदी घालण्याचा निर्णय घेतला. सात वर्षांत आमंत्रण व मनाई ही दोन्ही झाली. पाण्यातल्या चिलापीला अर्थातच ही मनाई कळली नाही.

महाराष्ट्रात तिचा सर्वांत मोठा विस्तार घाटावर, भीमेवरील उजनी जलाशयात दिसतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या ह्या धरणाच्या पाण्यात पुढे नाईल नदीची दुसरी तिलापिया जातही येऊन मिळाली. भिगवण-इंदापूरच्या बाजारांत चिलापी हा आज प्रमुख मासा आहे. धरणग्रस्त व भटक्या मच्छीमारांचे कित्येक संसार तिच्यावर चालतात. कोकण किनाऱ्याची परिस्थिती निराळी आहे. येथे विस्तीर्ण जलाशय नाहीत. पण निमखारे पाणी आहे. रोहूला मीठ सोसत नाही, जिताड्याला सोसते पण तो तळ्यात वीत नाही. खारपट्ट्यातील तळ्यात राहूही शकणारी आणि विऊही शकणारी अशी चिलापीच. ज्या पाण्याला खात्याची योजना लागू पडत नव्हती, नेमके तेच तिला मानवले.

येथे नावांचा विचार उपयुक्त ठरतो. १८२४ ते १८३१ ह्या काळात मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी असलेल्या विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांचा अभ्यास करून १८३९ मध्ये त्यांचे वर्णन सादर केले. त्यांनी माशांना शास्त्रीय नावे देताना मच्छीमारांच्या तोंडची मराठी नावेच लॅटिन पेहरावात घातली. महसीरच्या दख्खनी जातीचे ‘खुद्री’, शिंगटीचे ‘सींगटी’, शिंघाळ्याचे ‘सींघाला’, तसेच ‘रोहटी’, ‘कोळस’ ही नावे आजही जगभरच्या ग्रंथांत आहेत. म्हणजे एकोणिसाव्या शतकात मराठीने शास्त्राला नावे दिली. विसाव्या शतकात प्रवाह उलटा झाला. गप्पी हे त्रिनिदादमधील लेचमियर गप्पी ह्या गृहस्थाचे आडनाव. सायप्रिनस हे तर ग्रंथातले लॅटिन नाव जसेच्या तसे मच्छीमाराच्या तोंडी बसले. रोहू, कटला ही नावे बंगालकडून आली. चिलापीचा प्रवास सर्वांत मनोरंजक आहे. अँड्र्यू स्मिथ यांनी १८४० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना भाषेतील एका शब्दावरून तिलापिया हे नाव बनविले आणि त्या शब्दाचा अर्थ केवळ ‘मासा’ एवढाच आहे. ज्या माशाचे नाव खात्याच्या पत्रकातून आले तो खात्याने आणलेला, ज्याचे नाव व्यापाऱ्याने ठेविले तो व्यापाऱ्याने आणलेला, असा स्थूल नियम यातून बांधता येतो. चंदेरा व गवत्या ही नावे मत्स्यशेतीच्या पुस्तकांतली, १९५९ मध्ये भारतात आलेल्या सिल्व्हर कार्प व ग्रास कार्प ह्यांना दिलेली. ती भाषांतरे आहेत हे त्यांच्या नीटनेटकेपणावरूनच कळते. उलट रूपचंद हे बाजाराने ठेविलेले नाव होय. दक्षिण अमेरिकेतील पाकू ह्या माशाला विक्रेत्याने दिलेले हे नाव इतके देशी वाटते की त्याच्या मूळ स्थानाची शंकाही ग्राहकास येऊ नये.

सायप्रिनसचा उल्लेख वर आला. त्याची बँकॉकहून आणलेली जात १९५७ मध्ये कटकला आली व तेथून देशभर वाटली गेली. ती पाणवनस्पतींना अंडी चिकटवून स्थिर पाण्यातच विते, म्हणून तिची गणना चिलापीच्या बाजूस करावी लागते. मांगूरची कथा मात्र अंधारातली. आफ्रिकी मांगूर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बांगलादेशमार्गे चोरट्या वाटेने भारतात शिरला. देशी मागूरशी असलेले नामसादृश्य त्याच्या पथ्यावर पडले. केंद्र शासनाने त्याच्या संवर्धनास बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याचे साठे नष्ट करण्याचा आदेश दिला. हा मासा हवेतील प्राणवायू घेतो व ओल्या जमिनीवरून सरकत जाऊ शकतो. बांध ही त्याची मर्यादा नव्हे. काचेच्या पेट्यांतील शोभेच्या माशांचा मार्ग आणखी निराळा. १९५१ मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडल्यानंतरच्या दशकांत घरोघर मासे पाळण्याची हौस वाढली. वाढून पेटीत मावेनासा झालेला मासा जवळच्या तळ्यात सोडून देणे हे पुष्कळांना दयेचे कृत्य वाटते. दक्षिण अमेरिकेतला खडबडीत कवचाचा सकर मासा उजनीपर्यंत पोहोचला आहे.

ह्या सर्व माशांची विभागणी देशी आणि विदेशी अशी न करता, माणसावाचून विणारे आणि न विणारे अशी केली, तर इतिहासाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. जिताडा, कटला, रोहू, मृगळ हे न विणारे. त्यांतला एक खाडीचा, तीन गंगेचे. ते ज्याने सोडले त्याचे राहतात आणि म्हणूनच त्यांच्यावर राखण बसते. गप्पी, सायप्रिनस, चिलापी हे विणारे. त्यांची मालकी टिकत नाही. चिलापीसाठी कोणी बीजाचे पैसे मोजलेले नसतात. ठेकेदाराच्या दृष्टीने ती कटल्याचे अन्न खाणारी कीड. तिला कोणी गळाने नेले तर त्याचे नुकसान तर होत नाहीच, उलट उपकार होतो. त्यामुळे ज्या माशाला तज्ज्ञांनी उपद्रवी ठरविले, तोच आज परवान्यावाचून धरता येण्याजोगा मासा उरला आहे. वलगणीच्या माशांवर जो सर्वांचा हक्क होता, त्याचा काही अंश अशा रीतीने एका आफ्रिकी माशाच्या रूपाने शिल्लक राहिला, हे विधान विचित्र वाटले तरी वस्तुस्थितीस धरून आहे.

परंतु ह्यावरून चिलापीची कैवारी भूमिका घेणे योग्य होणार नाही. ती वलगणीची जागा घेऊ शकत नाही. वलगणीत अनेक जाती होत्या, चिलापी ही एक जात आहे. वलगण पावसाशी बांधलेली होती. चिलापी तळ्याच्या तळाशी खळगा करून केव्हाही विते, तिला मृगाचे आगमन कळण्याचे कारण नाही. माशांच्या पंचांगातून पाऊस निघून गेला, ही साधी गोष्ट नव्हे. त्याचबरोबर देशी मासे कमी झाले ह्याचा सर्व दोष परक्या माशांच्या माथी मारण्याची जी प्रवृत्ती अलीकडे दिसते, तीही तपासून पाहावयास हवी. भातशेतीत कीटकनाशके आली. ओढ्यांवर बंधारे झाले व चढणीची वाट अडली. मुंबईच्या सान्निध्यामुळे किनाऱ्यावरील जमिनीस सोन्याचा भाव आला, वाड्यांच्या जागी बंगले उठले आणि तळी बुजविली गेली. बुजविलेल्या तळ्यात देशी मासाही राहत नाही आणि परकाही नाही. अशा परिस्थितीत चिलापी हे ऱ्हासाचे कारण किती व लक्षण किती, हे प्रत्येक तळ्याच्या बाबतीत वेगळे ठरवावे लागेल.

शासनाच्या भूमिकेतही स्थैर्य राहिलेले नाही. १९५९ मध्ये नाकारलेली तिलापिया एकविसाव्या शतकात ‘गिफ्ट’ ह्या सुधारित वाणाच्या रूपाने पुन्हा स्वीकारली गेली. अट एवढीच की संवर्धन परवान्याने करावे आणि सर्व पिल्ले नर किंवा वांझ असावीत. मासा तोच, त्याची वीण तेवढी माणसाच्या हातात परत घेतलेली. म्हणजे चिलापीला जिताड्याच्या व कटल्याच्या पंक्तीत आणून बसविण्याचा हा प्रयत्न आहे, असे म्हणता येईल. बीज पुन्हा विकत मिळणार आणि तळे पुन्हा राखले जाणार.

खारपट्ट्यात दर काही वर्षांनी उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडते व खाडीचे पाणी शेतात आणि तळ्यांत शिरते. १९४८ च्या खारभूमी कायद्यानंतर शासनाने बांधांच्या कामात लक्ष घातले, तरी खांडी पडावयाच्या थांबलेल्या नाहीत. त्या वेळी तळ्यात काय घडते, ते सर्व शेतकऱ्यांना ठाऊक आहे. विकत आणलेले रोहू-कटला मिठाने मरून पाण्यावर तरंगू लागतात. जिताडा, बांधाला वाट मिळताच, आपल्या मूळच्या खाडीकडे निघून जातो. खांड बुजविली जाते, पुढल्या पावसाने तळ्याचा खारटपणा उतरतो, आणि नवे बीज सोडण्यापूर्वी कोणी सहज गळ टाकला तर त्याला चिलापी लागते.